इन्कम टॅक्सच्या नंबरासाठी गावचा पत्ता

माझ्याच घरच्यांनी एका दुपारी मला पाहुणी करून टाकलं, तेही सरकारी माणसासमोर. आमच्या घरात हा किस्सा अजून गंमत म्हणून सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही, म्हणून एकदा माझ्या बाजूने लिहून ठेवते.

मी नर्स. सगळी नोकरी इंग्लंडात झाली आणि तिथेच निवृत्त झाले. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. तिथल्या थंडीत गुडघे आखडायला लागले तेव्हा ठरवलं, आता पुरे. आपल्या गावी, धामणगाव बढ्याला जायचं आणि उरलेले दिवस तिथेच काढायचे. वडिलांच्या घरामागे माझ्या दोन खोल्या होत्या. जागा वडिलांनी स्वतः दिलेली, आणि बांधकाम मी सुट्टीवर आले असताना गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलेलं. शहाबादी फरशी, हिरव्या खिडक्या, न्हाणीत तांब्याचा बंब. पुढच्या घरात धाकटा भाऊ आणि भावजय. भावाचा कापसाचा आणि सरकीचा व्यापार. त्याच्या प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली असे, "आक्का, तुह्या खोल्या झाडून ठेवल्या हायेत, कवाही ये." परक्या देशात त्या एका ओळीवर मी कितीतरी हिवाळे काढले.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सगळी व्यवस्था लावायला म्हणून आले. पेन्शन इकडे आणायची तर बँकेतले म्हणाले, आधी इन्कम टॅक्सचा नंबर काढून घ्या, पुढे कटकट नको. हा कायमचा नंबर तेव्हा नवीनच निघाला होता. नोकरदारांनाही तो धड ठाऊक नव्हता, मग परदेशात राहणाऱ्या निवृत्त बाईला तो कसा द्यायचा हे कोणाला ठाऊक असणार? मी खामगावच्या इन्कम टॅक्स कचेरीत खेटे घातले. या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. शेवटी एका साहेबांनी बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बाई, इंग्लंडचा पत्ता दिलात तर तुम्ही तिकडच्या, गावचा दिलात तर इकडच्या. कुठल्या ते एकदा ठरवा."

"इकडची," मी ताडकन म्हटलं. किती वर्षांनी कोणी मला हा प्रश्न सरळ विचारला होता!

"मग आमचा इन्स्पेक्टर येऊन घर बघेल, घरच्यांना, शेजाऱ्यांना विचारेल. झालं तुमचं काम."

मी उड्या मारतच घरी आले. भाऊ जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"इन्कमवाला? आपल्या घरी?"

"अरे, माझा पत्ता बघायला येतोय तो. तुझा कापूस मोजायला नाही."

"हाव, हाव. येऊ दे ना त्याले. तू काऊन टेन्शन घेऊन राह्यली?" तो म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला. माझं समाधान झालं.

इथे आमच्या गावाची रीत सांगायला हवी. इन्कमवाला येतोय अशी नुसती कुणकुण लागली की बाजारातले तराजू माळ्यावर जात. व्यापारी फाटकी बनियन घालून ओट्यावर बसत. बायकांच्या गळ्यातलं सोनं डाळीच्या डब्यात. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून त्या दिवसापुरता सगळा गाव शेतकरी, आणि ज्या खोलीचा जाब द्यायचा नाही तिचा गोठा. एरवी ज्याच्या दारात शेळी नाही, त्याच्याकडेही त्या दिवशी जनावरं हंबरत. उसनी आणलेली! ही रीत मला माहीत होती. पण मी तर स्वतः बोलावून साहेब आणत होते, लपवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. घरचे तीच रीत माझ्यावर चालवतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ठरल्या दिवशी भावजयीला पोहे करायला सांगून मी चांगलं लुगडं नेसले आणि इन्स्पेक्टरला आणायला एस.टी.च्या थांब्यावर गेले. पोरगेलासा, सभ्य माणूस. येताना शेजारच्या पिंजारी चाचांचं घर लागलं. माझ्यासाठी साक्ष द्यायला हे चाचा आनंदाने येतील असं मी त्याला सांगत होते. दाराला कुलूप. ज्या घराला ईदच्या दिवशीही कुलूप पाहिलं नव्हतं, त्याला भरदुपारी कुलूप. मी साहेबांना घाईने पुढे नेलं.

ओट्यावर भाऊ बसला होता. सकाळी त्याच्या अंगात टेरिकॉटचा सदरा होता, आता भोकाभोकांची बनियन. भावजयीच्या गळ्यात नुसते काळे मणी. पोह्यांचा वासही नाही. मी साहेबांना मागे घेऊन गेले, माझ्या खोल्या दाखवायला.

पहिल्या खोलीत दोन म्हशी बांधल्या होत्या. शहाबादी फरशीवर शेणाचे पो. माझा पलंग, माझी ट्रंक, काही जागेवर नव्हतं. कडब्याच्या पेंढ्या छतापर्यंत रचलेल्या, आणि त्यांच्यामागे मला सरकीची पोती स्पष्ट दिसत होती.

भाऊ मागोमाग आलाच. इन्स्पेक्टरने त्याला विचारलं, "या बाई म्हणतात, या त्यांच्या खोल्या. त्या इथं राहतात का?"

"नाही सायेब. ढोरायचा गोठा हाय हा. माणूस राहीन का इथं?"

"मग बाई?"

भावाने माझ्याकडे पाहिलंही नाही. "पाहुण्या हायेत त्या. आल्या आठ-पंधरा दिवसाले. जातीन परत आपल्या घरी."

मला मुंडकं धरून पाण्यात बुडवल्यासारखं झालं. तोंडातून एक शब्द काढला असता की त्या पेंढ्या बाजूला करा, तर भाऊ तिथल्या तिथे अडकला असता. तो शब्द माझ्या जिभेवर होता. त्यालाही ते माहीत होतं, आणि मी बोलणार नाही हेही त्याला पक्कं माहीत होतं. माझ्या मायेवर एवढा भरवसा, आणि माझ्या घरावर माझा हक्क मात्र नाही. याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

इन्स्पेक्टर बिचारा अवघडला. हळूच म्हणाला, "मग पत्ता कुठला लिहू, बाई?"

मी इंग्लंडचा पत्ता सांगितला. एकेक अक्षर त्याला नीट ऐकू जाईल असं.

तो गेल्यावर भाऊ मांडीवर थाप मारून हसला. "टळलं बाप्पा! अवं आक्का, रागावली का? बोलाचीच गोष्ट होती ना. तुले आम्ही पाहुणी समजतो का?"

"मग म्हशी सोड," मी म्हटलं.

तो भावजयीकडे बघायला लागला. ती धार काढायला बसली होती, तिथेच, माझ्या खिडकीखाली. "राहू द्या ना आक्का दोन दिवस," ती म्हणाली. "ज्यायच्या त्यायले परत द्यायच्याच हायेत. जनावराले थे जागा मानवली वं."

दोन दिवसांनीही म्हशी तिथेच होत्या. भावाने त्या विकतच घेऊन टाकल्या होत्या. मी पुढच्या घरात, सामानाच्या खोलीत निजत होते, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घेतलं.

नंबर मिळाला. पोस्टाने इंग्लंडला आला, माझ्या नावाचा, कायमचा. ज्या कामासाठी तो हवा होता ते काम आता उरलं नव्हतं. त्याच आठवड्यात भावाचं पत्र आलं. लिहिलं होतं, म्हैस व्याली, पारडी झाली, खरवस गावभर वाटला, तुझी आठवण निघाली. कुठे व्याली तेही त्याने कौतुकाने लिहिलं होतं: आक्काच्या खोलीत.