काकूंच्या फ्लेक्सवर फक्त हात

मंडळी, नोकरी सांभाळून कमी पैशांत लोगो करून देतो, अशी पोस्ट मी याच ग्रुपवर टाकली होती. ती वाचून पहिला फोन आला तो वैरागच्या एका काकूंचा. त्यांना कडक भाकरीच्या पाकिटासाठी लोगो हवा होता.

मी म्हटलं, "काकू, तुमचा चेहराच काढू. लोकांच्या लक्षात राहील."

"माझं तोंड कशाला? हात काढा की भाकरी थापतानाचे. लोकं भाकरी खाणार हायत, मला न्हाय."

त्यांनी पिठाने माखलेल्या हातांचाच फोटो पाठवला. त्यावरून लोगो केला. त्यांना लई आवडला.

आज दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला. काकू काल अचानक गेल्या.

"दादा, श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचाय. तुमच्याकडं आईचा फोटो असंल की. आमच्याकडं आधार कार्डावरचाच हाय, त्यात ती वळखूच येत न्हाय."

माझ्याकडे फक्त हात होते. तसं सांगितलं.

"मग हातच टाका. गाव वळखतंय."

लोगोतलं भाकरीचं नाव पुसून तिथे काकूंचं नाव लिहिलं. हाताच्या चित्राला हार घातला. फ्लेक्सवाल्याने विचारलं, "साहेब, फोटो टाकायचा राहिला का?" मी म्हटलं, "हाच फोटो. छापा."

घरी आल्यावर मोबाईलमध्ये माझ्या आईचा फोटो शोधला. एक सापडला, पंगतीत वाढतानाचा. मान खाली आहे.

तुमच्याकडे आहे का हो, आईने सरळ तुमच्याकडे बघितलेला एखादा?