अक्काचं कोपर मोजायचं यंत्र

भाचीचा, शुभाचा फोन आला तेव्हा मी नवनगरला अक्काकडेच निघालो होतो. “मामा, आई उठतच नाही...” एवढंच ती बोलली. झोपेतच गेली अक्का. मला तिला एक गोष्ट सांगायची होती, ती राहिली.

माझी ही थोरली बहीण पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये शिकवून निवृत्त झालेली. काही महिन्यांपूर्वी उणकलजवळ स्कूटरवरून पडून माझं कोपर मोडलं. प्लास्टर निघालं, पण हात वाकेना, आणि व्यायामाचा मला कंटाळा. अक्काने मग जुन्या रेडिओचं आवाज कमी-जास्त करायचं बटण काढलं. “ह्याला पॉट म्हणतात. दांडा फिरला की आतला रोध बदलतो, त्यावरून किती फिरला ते कळतं. आवाजाऐवजी आपण तुझं कोपर मोजू.” दंडाला एक लाकडी पट्टी, कोपराखाली दुसरी, मध्ये बिजागरीच्या जागी तो पॉट आणि छोट्या पडद्यावर अंश. रोज आकड्याचा फोटो तिला पाठवायचा.

सत्तरच्या पुढे आकडा सरकेना. दुखायचं फार... एक दिवस यंत्र हाताला न बांधताच मी नुसती पट्टी फिरवली आणि पंच्याऐंशीचा फोटो पाठवला. “शाब्बास, दत्तू!” मग रोज तेच. एकशे वीसपर्यंत गेलो.

तिने खुशीत जेवायला बोलावलं. घास तोंडापर्यंत जाईना, म्हणून मी मान खाली नेली. अक्का बघत राहिली. “यंत्र एकशे वीस सांगतंय, आणि हात एवढाच?” मी भात कालवत राहिलो. “बिडो, राहू दे. माझंच काहीतरी चुकलंय.” यंत्र तिने ठेवून घेतलं. ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी रुग्णांसाठी तशी चार मागितली होती, त्यांनाही तिने नकार कळवला. माझ्या यंत्राने कुणाचा हात बिघडायला नको, म्हणाली. हे शुभाकडून कळलं, तरी खरं सांगायचं ठरवायला मला तीन आठवडे लागले.

तेराव्यानंतर तिचं टेबल आवरताना वही सापडली. तीत पाच वेगवेगळ्या पॉटच्या नोंदी, एकेक कोनमापकावर धरून तपासलेला. खाली तिचं अक्षर... ‘पाचही बरोबर. मग चूक कुठे? आता माझ्या हातांचा भरवसा वाटत नाही.’

“काय लिहिलंय, मामा?”

तेव्हा शुभाला सगळं सांगितलं. तिने माझ्या हातातून वही काढून घेतली.

“ही तुझ्याकडे नको,” म्हणाली.