आत्याला झाडं बघायची होती

माझ्या आत्याने जगातली एकही वस्तू तपासल्याशिवाय स्वीकारलेली नाही, आणि त्या वस्तूंमध्ये मीही आले. मी जन्मले तेव्हा बाकीचे नातेवाईक पेढ्यांची चौकशी करत होते, आणि आत्याने म्हणे मला खिडकीच्या उजेडात नेलं, टाळू, बोटं, टाचा सगळं क्रमाने पाहिलं, आणि माझा डावा कान वरच्या बाजूला जरा दुमडलेला आहे हे आईच्याही आधी शोधून काढलं. मग निकाल दिला, "सवलतीत पास." आत्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होती. तिथे माल एकतर पास व्हायचा नाहीतर रिजेक्ट; पण एखाद्या नगात दोष आहे आणि त्या दोषाने कामात काही बिघडत नाही अशी खात्री पटली, तर तो सवलतीत पास करता यायचा. ही सवलत आत्या फार जपून वापरते. मला आलेली सगळी स्थळं तिने सरसकट रिजेक्ट केली आहेत, त्यातल्या एकाला तर नुसत्या चपला काढण्याच्या पद्धतीवरून. याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

तिच्या पर्समध्ये पावडरचा डबा नसतो, व्हर्नियर असतो. चिमट्यासारखी मापपट्टी, निवृत्तीच्या वेळी स्वतःच्या पैशाने घेतलेली. तिने ती भाकरीला लावलेली मी पाहिली आहे. "कडेला जाड आहे," ती आईला म्हणाली होती, आणि आई त्यानंतर आठवडाभर फक्त भात करत होती. बाजार खुला झाला आणि परदेशी कंपन्यांचे रंगीत टीव्ही पुण्यात आले, तेव्हा आत्या इतके महिने दुकानं हिंडत होती की तिने पसंत केलेलं मॉडेल बाजारातून निघूनच गेलं. तिला वाईट वाटलं नाही. उलट, जे इतक्यात बंद पडलं ते आपण घेतलं नाही याचा तिला अभिमान वाटला. बसमध्ये तिला खिडकीच लागते, कारण रस्त्याचं काम कसं चाललंय ते बघायचं असतं. फक्त खडकी आली की ती पर्स उघडून आत काहीतरी शोधायला लागते आणि खडकी मागे पडली की पर्स बंद करते. तिथे तिचं क्वार्टर होतं. आम्ही सगळे त्या एका बाईच्या नावावरच्या दोन खोल्यांत राहिलो. माझे वडील तिथून शिकले, मी तिथूनच इंग्रजी शाळेत गेले. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, आम्ही विश्रांतवाडीला फ्लॅटमध्ये आलो, आणि मागून कळलं की ती रांगच पाडली. दारासमोर चिंचेचं झाड होतं. आत्याने त्याच्या खोडात स्वतःच्या हाताने मोठा खिळा ठोकला होता, कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी. त्या झाडाचं काय झालं हे ती कुणाला विचारत नाही.

मी झाडं करते. म्हणजे पुण्यातल्या एका स्टुडिओत बसून परदेशी गेमसाठी झाडं, दगड, कुंपणं, विजेचे खांब असलं सगळं तयार करते. जिथे हिरो उभा राहतो तिथलं काही मला देत नाहीत. हे मला मानवतं. मलाही कुणाच्या नजरेत यायचं नसतं. गेम बाजारात येईपर्यंत नाव सांगायचं नाही असं आमच्याकडून लिहून घेतात, आणि आत्याच्या कारखान्यातही आत काय चालतं ते बाहेर बोलायची बंदी होती. त्यामुळे आमच्या घरात दोन कमावत्या बायका झाल्या आणि दोघी जेवताना फक्त हवेबद्दल बोलल्या. गेल्या महायुद्धावरचा आमचा एक मोठा गेम बाहेर पडला, तेव्हा मी पहिल्यांदा आत्याला सांगितलं की यातली ओढ्याकाठची झाडं माझी आहेत. एवढंच सांगितलं. त्यातल्या मोडक्या पुलापलीकडच्या थोराड झाडाची पानं परदेशी असली तरी खोड आपल्या चिंचेचं आहे, क्वार्टर सोडायच्या आदल्या दिवशी मी मोबाईलवर काढलेल्या फोटोंवरून केलेलं, हे मी सांगितलं नाही. ते तिने आपणहून ओळखावं असं मला वाटत होतं. मी आयुष्यात कुणाकडून फार काही मागितलेलं नाही. हे मात्र मला हवं होतं.

माझ्या ॲनिमेशनच्या कोर्सच्या वेळचा कॉम्प्युटर घरी होता. त्यावर गेम कसाबसा चालू झाला. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि नव्या डोळ्यांनी ती शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्यांना गेलेले तडे मोजत असे. ती पडद्याजवळ वाकली. कॉम्प्युटरच्या आत बसून पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला ते पेलत नव्हतं, म्हणून त्याने लांबची झाडं पुठ्ठ्यासारखी सपाट उभी केली होती आणि जवळच्या खोडांवर नुसता चिखल फासला होता.

"हे तू केलंस?" आत्याने विचारलं.

मी म्हटलं, हे कार्डाने केलंय, चांगल्या कार्डावर साल दिसते. ऑफिसात बाहेरच्यांना सोडत नाहीत, पण एखादा फोटो मिळवून मोबाईलवर दाखवते. ती म्हणाली, "नमुना नको. माल बघायचाय." आणि त्या दिवसापासून आत्या ग्राफिक्स कार्डांची तुलना करायला लागली.

तिने हे काम हाती घेतलं तेव्हा जगात कार्डांचा दुष्काळ पडला होता. लोक कार्डांवर खेळत नव्हते, शेकड्याने ओळीत लावून त्यांवर कॉम्प्युटरमधली नाणी पाडत होते. हे मी समजावून सांगितल्यावर आत्या म्हणाली, "सरकारला माहीत आहे का?" मग ती रोज संध्याकाळी टीव्हीवर ते तुलनेचे व्हिडिओ लावायला लागली, ज्यात एकच दृश्य दोन कार्डांवर शेजारी शेजारी पळत असतं आणि कोपऱ्यात आकडे नाचत असतात. आकड्यांकडे ती बघतच नसे. निवेदक इंग्रजीत धावा सांगितल्यासारखा ओरडायचा आणि आत्या दोन्ही बाजूंची झुडपं बघायची. कार्डं करणाऱ्या दोनच मोठ्या कंपन्या, आत्या त्यांना खोक्यांच्या रंगावरून ओळखायची; काही आठवड्यांत हिरव्या कंपनीचं आणि लाल कंपनीचं कुठलं कार्ड पानं कशी काढतं यावर ती बोलू शकत होती. लाल कंपनीची सावली तिला आवडायची, हिरवीचं पाणी. विहारात वंदना झाल्यावर बायका सुनांबद्दल बोलायच्या, तेव्हा आत्या पाण्यातल्या प्रतिबिंबांबद्दल बोलायची. "आमच्या पोरीची झाडं आहेत," असं ती शेवटी सांगायची, म्हणजे विषय माझ्यावर यायचा आणि मी चपला शोधायला बाहेर जायचे.

शनिवारी दुपारी आम्ही बुधवार पेठेत जायचो. गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटरच्या सामानाचं एक अरुंद दुकान होतं, आणि दुकानदार बोलण्यात इतके काटकसरी की गिऱ्हाईक आत आलं की फक्त एक भुवई वर करायचे. काचेच्या कपाटात भारी कार्डांची खोकी मांडलेली होती. सगळी रिकामी. पहिल्याच दिवशी आत्याने त्यांना सांगितलं, "ही माझी भाची. ही झाडं लावते."

"फॉरेस्टमध्ये का?"

"नाही. युद्धात."

दुकानदारांनी दुसरीही भुवई वर केली. मी कपाटाच्या बाजूला सरकले. ते म्हणाले, हे सर्वांत वरचं कार्ड सेकंदाला इतक्या फ्रेम, म्हणजे चित्रं, देतं. आत्या म्हणाली, "फ्रेम राहू द्या. पानं कशी देतं ते सांगा." ते म्हणाले, "मॅडम, आजवर पानं कुणी विचारली नाहीत." "म्हणूनच तुमची खोकी रिकामी आहेत," आत्या म्हणाली. याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, पण दुकानदारांना तो लागला असावा, कारण त्यांनी तिला स्टूल दिलं. त्या दुकानात स्टूल मिळालेलं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं.

भाव विचारताना आत्या कार्डाकडे बघत नाही, समोरच्याच्या हाताकडे बघते. हात कॅल्क्युलेटरकडे गेला तर उतरण्यासारखं आहे. हात खिशात गेला तर भाव कालच वाढलाय. त्या वर्षी सगळ्या पेठेचे हात खिशात होते. माल आहे की नाही हेही ती आवाजावरून ठरवायची. मान वर न करता "नाही" म्हणाले तर खरंच नाही. मान वर करून, तुम्हाला नीट बघून "नाही" म्हणाले तर आहे, पण वेगळ्या भावाने आहे. आणि "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाले तर ते कार्ड या जन्मात येत नाही. हे शास्त्र दर वेळी बरोबर निघायचं असं नाही. स्वारगेटजवळच्या एका दुकानदाराने तिला नीट बघून "नाही" म्हटलं म्हणून ती तास-दीड तास तिथून हलली नाही. त्या माणसाकडे खरंच काही नव्हतं. त्याला फक्त तिची पर्स ओळखीची वाटली होती.

एकदा मधल्या दर्जाचं एक कार्ड आलं. मी म्हटलं, हे घेऊ. मला त्या फेऱ्यांचा कंटाळा आला नव्हता. मला भीती वाटत होती की असंच चालू राहिलं तर तोवर गेम जुना होईल आणि आत्याही. तिने विचारलं, यावर साल दिसेल? दुकानदार प्रामाणिक होते. म्हणाले, "दिसेल. पण बोट फिरवावंसं वाटेल इतकी नाही."

"मग रिजेक्ट," आत्या म्हणाली.

मी तेव्हा चिडले होते. परतीच्या बसमध्ये मी एक शब्द बोलले नाही, आणि मी एरवीही बोलत नसल्यामुळे हे तिच्या लक्षातही आलं नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला दुसरंच काही वाटायला लागलं. माझ्या कामावर आमच्या स्टुडिओतले वरिष्ठ 'ठीक' असं लिहितात. गेम खेळणारे त्या झाडांमागे लपतात. या सगळ्यांत एकच बाई अशी होती की जिला माझं झाड पूर्ण दिसल्याशिवाय बघायचंच नव्हतं.

उन्हाळा सरत आला तेव्हा दुकानदारांचा फोन आला. एरवी ते "हॅलो" सुद्धा पुरतं म्हणत नाहीत. ते म्हणाले, "आत्यांना सांगा, आलंय. इथेच बाजूला ठेवलंय." त्यांनीही तिला आत्या म्हणायला सुरुवात केली होती हे मला तेव्हा कळलं. आत्या इस्त्रीची साडी नेसून गेली. खोक्याचं सील तिने उजेडात धरून पाहिलं, कार्डाला व्हर्नियर लावला, घरून कॉम्प्युटरच्या पेटीचं माप आणलं होतं त्याच्याशी ताडलं आणि "बसेल" म्हणाली. घरी आल्यावर ते लांबीत तंतोतंत बसलं; फक्त त्याला जोडायच्या जाड वायरी बाहेर येतात हे माप घेताना तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. पेटीचं झाकण आजही लागत नाही. त्या उघड्या बाजूला आमची दुधाच्या पातेल्यावर ठेवायची जाळी टेकवलेली असते. "हवा खेळती राहते," असं आत्या आल्यागेल्याला सांगते, आणि लोकांना ती सोय मुद्दाम केलेली वाटते.

चहा झाल्यावर ती खुर्चीत बसली. गेममध्ये चालायचं कसं एवढंच तिने शिकून घेतलं होतं, बंदूक कशी चालवायची ते विचारलंही नव्हतं. पुलाकडे जाताना तिला शत्रूने लगेच मारलं. पुन्हा सुरुवात केली. ओढ्याकाठी पहिलं झाड बघायला थांबली आणि पुन्हा मेली. "यांना दुसरं काम नाही का," ती म्हणाली आणि परत निघाली. आयुष्यभर गोळे तपासलेली ही बाई एकही गोळी न झाडता त्या रणधुमाळीतून बाजारात निघाल्यासारखी चालली होती. दर वेळी थोडी पुढे मरत होती. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते.

पुलापलीकडच्या झाडापाशी ती थांबली. मग इतकी जवळ गेली की पडदाभर नुसती साल झाली, तिच्या भेगा, डिंक, मुंग्यांची वाट. आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला.

"खिळा," ती म्हणाली.

तिने पडद्यावरच्या आपल्या शिपायाला हळूहळू झाडाभोवती फिरवलं. पलीकडच्या बाजूलाही खिळा होता.

"मी एकच ठोकला होता."

मी सांगितलं की आम्ही अर्ध्याच खोडाचं चित्र करतो आणि तेच उलटून दुसऱ्या बाजूला लावतो, जागा वाचते, सगळेच तसं करतात. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. पडद्यावर गोळ्या सुटत होत्या, कुठेतरी घर जळत होतं, आणि आत्या झाडाला टेकून उभी होती.

"दोष आहे," ती अखेर म्हणाली. "पण त्याने काही बिघडत नाही." मग निकाल दिला, "सवलतीत पास."

मला शाळेत बक्षिसं मिळाली आहेत, एकदा स्टुडिओत सगळ्यांसमोर टाळ्याही मिळाल्या, आणि त्या वेळी मला टेबलाखाली जावंसं वाटलं होतं. या वेळी मी आपल्या दुमडलेल्या कानाला हात लावून तिथेच उभी राहिले.

आता रोज संध्याकाळी आत्या त्या झाडापर्यंत जाऊन येते. येते म्हणजे तिथे उभी राहते, कुणीतरी तिला मारेपर्यंत. गेल्या आठवड्यात आम्ही पेठेतून बसने परत येत होतो. तिने खिडकी घेतली. खडकी आली, आणि पर्स तिच्या मांडीवर तशीच बंद राहिली. रस्त्याच्या कडेने क्वार्टरांच्या आवाराची लांबच लांब भिंत आहे. तिच्या वर काही झाडांचे शेंडे दिसतात, पण ते कुठले ते रस्त्यावरून कळत नाही.

"इथून काही दिसत नाही," आत्या म्हणाली, आणि होळकर पूल येईपर्यंत बाहेरच बघत राहिली.