हरणाबाईनं तोडलेलं पाणी

चाळिशी गाठली आणि साधं खोकलं, शिंकलं तरी आटपाडीकडच्या हरणाबाईचं लुगडं ओलं व्हायला लागलं. पाच बाळंतपणं झालेली, जन्मभर ओझी वाहिलेली बाई ती. दुसरं काय होणार? पण तिच्या मनानं घेतलं की मेलेली सासूच आपल्या पाठी लागली.

घेणारच की! बहात्तरच्या दुष्काळात सासूला, म्हाताऱ्या बयाबाईला, हेच झालं होतं. गोधड्या धुवायला पाणी कुठलं? हरणाबाईनं तिचं अंथरूण मेंढरांच्या छपरात नेऊन टाकलं, वर तिचं पिण्याचं पाणीही तोडलं. दिवसाला एक तांब्या. "जास्ती प्याला तर जास्ती गळाल," म्हणाली. म्हातारी त्याच उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून भर दुपारी छपरातनं हाक यायची, "हरणे, घोटभर दे गं." सांगायची तरी कुणाला?

आता हरणाबाईनं स्वतःचंही पाणी तोडलं. ओठ फुटले, लघवीला आग व्हायला लागली, गळायचं काही थांबेना. शेवटी नवऱ्यानं, जोतीरामानं, तिला बळंच मिरजेच्या दवाखान्यात नेलं.

तिथली नर्स लीलाबाई तडकलीच. "अहो, पाणी कशाला तोडलंत? त्यानं त्रास वाढतो! बाळंतपणांनी अंग सैल पडलंय तुमचं. लघवी अडवताना आवळतो ना, तसं आतनं आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातनं तीनदा. तीन महिने नेमानं करा."

"एवढंच?"

"एवढंच."

हरणाबाईच्या डोळ्यांपुढं छपरातली म्हातारी आली.

भाकरी थापताना, शेळीची धार काढताना ती आवळायची नि मोजायची. तीन महिन्यांत लुगडं कोरडं राहायला लागलं. आणि हाका मात्र वाढल्या! एवढ्याशानं म्हातारीही सुधारली असती, हे काही तिच्या मनातनं जाईना.

एका दुपारी जोतीराम मेंढराची लोकर कातरत होता. ती त्याच्यापुढं मटकन बसली.

"आवं, तुमच्या आईला म्या तानेनं मारलं."

त्यानं मान वर केली नाही. "ठावं हाय मला. आईनंच सांगितलं व्हतं."

"मग बोलला न्हाईसा कदी?"

"तिनं शपथ घातली व्हती. म्हणली, हरणी सोताच्या वाटचं पाणी बी पोरांस्नी पाजतीया. तिला बोलू नगंस."

हरणाबाई तिथंच ढसाढसा रडली. म्हातारीनं शिव्याशाप दिले असते, तर ते भोगून ती मोकळी झाली असती. आता कुणाचे पाय धरायचे?