विमलआक्कांच्या लाल टिकल्या

प्राध्यापिका विमल ढवळे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा संपादकांना मी आधीच बजावलं होतं की मी गणिताचा मास्तर, मला गोड गोड लिहिता येत नाही. ते म्हणाले, "आक्कांना तरी गोड कुठं आवडतंय?" हे मात्र शंभर टक्के खरं. तेव्हा जसं घडलं तसं सांगतो.

आमची पहिली भेट भांडणानं झाली. आमचं गाव निपाणीच्या अलीकडे, चौपदरी रस्त्याला चिकटून. हायस्कूल रस्त्याच्या या अंगाला आणि निम्म्याहून जास्त गाव पलीकडे. शाळेसमोर दुभाजकात एक मोकळी जागा सोडलेली, तिला आम्ही 'तोंड' म्हणतो. पोरं, म्हातारी माणसं, वखारीत तंबाखू निवडायला जाणाऱ्या बायका, सगळ्यांची ये-जा त्या तोंडातून. रस्ता सुरक्षा सप्ताह चालू होता. मी बाहेरच्या फळ्यावर मोठ्या झोकात लिहीत होतो, "घाई करू नका, जीव गमावू नका." मागून खणखणीत आवाज आला, "हे कुणासाठी लिहिलंय, सर?"

वळून पाहिलं तर इरकल साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पायात चक्क कॅनव्हासचे बूट. मी म्हटलं, "मुलांसाठी." त्या म्हणाल्या, "मुलांना कुठं घाई हाय? घाई गाडीला हाय. गाडीवाल्याला दिसंल असं काय लिहिलंय का तुम्ही?" मला राग आला. ओळख ना पाळख, आणि ही बाई आल्या आल्या माझा फळा तपासणार! मी फटकन बोललो, "बाई, मी उभी नोकरी हा रस्ता ओलांडून केलीय." "मग मलाबी घेऊन ओलांडा की," त्या म्हणाल्या. गेलो. एक ट्रक, मागं एक बस, तिच्या आडून एक मोटारसायकल. फट दिसली तसा मी सुटलो आणि पलीकडे जाऊन बघतो तर बाई अजून अलीकडेच उभ्या. तिथूनच ओरडल्या, "सर, तुम्ही रस्ता ओलांडला न्हाय. तुम्ही पळालात!" चहाच्या गाड्यावरची सगळी मंडळी हसली. मी त्या दिवशी घरी जाऊन नीट जेवलोही नाही.

नंतर कळलं, या बाई म्हणजे बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आयुष्यभर रस्तेबांधणी शिकवून निवृत्त झालेल्या विमलआक्का. वडगावच्या विणकर घरातल्या. घरात चार माग, त्यांच्या खडखडाटात लहानपण गेलं, म्हणून साधं "चहा घ्या" म्हणतानाही त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला निघतात. आक्का बसनं फाट्याफाट्यावर उतरून, माणसं रस्ता कसा ओलांडतात ते बघत हिंडत होत्या. त्यांचा एक नियम आहे आणि तो साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना लागू आहे. जिथल्या रस्त्याबद्दल बोलायचं, तिथं आधी एका म्हाताऱ्या माणसाचा हात धरून, त्याच्या चालीनं रस्ता ओलांडायचा. मग बोलायचं. ज्यांनी ओलांडला नाही त्यांच्याशी आक्का चर्चाच करत नाहीत.

भांडण मिटायला कारण घडलं ते असं. रस्त्याच्या ऑफिसातून गावाला कळवण्यात आलं की शाळेसमोरचं तोंड बंद होणार, दुभाजक सलग होणार, आणि माणसांनी खूप पुढच्या पुलाखालून जावं. कागदावर बरं दिसतं. पण मला माझी पोरं ठाऊक आहेत. ती पुलापर्यंत चालत जाणार नाहीत, दप्तर पलीकडे फेकून दुभाजकावरून उड्या मारणार. आणि वखारीतल्या बायका? त्या डोक्यावर पाटी घेऊन उड्या मारणार की काय? मी गुमान आक्कांना फोन केला. भांडणाचा उल्लेख त्यांनीही केला नाही, मीही नाही. त्या म्हणाल्या, "तोंड बंद करायचं न्हाय. तोंडाशी गाडी हळू झाली पायजे. चला ऑफिसात."

ऑफिसात साहेब सभ्य होते. त्यांनी संगणकावर बघून सांगितलं, "मॅडम, तुमच्या फाट्यावर आमच्या रेकॉर्डला डेथच नाही. किरकोळ जखमी आहेत. जिथं माणसं मरतायत तिथं आधी खर्च करावा लागतो." मी तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी राहिलं. आमच्या गावातली माणसं गेली, मी त्यांच्या तेराव्याला जेवलो, आणि रेकॉर्डला मरणच नाही!

परतीच्या बसमध्ये आक्कांनी मला एकच प्रश्न विचारला. "सर, डोक्याला मार लागला की तुम्ही माणूस कुठं नेता?" मी म्हटलं, "कोल्हापूरला, आणखी कुठं?" बोललो आणि माझं मलाच उमगलं. आमच्या भागाची ही जुनी सवय. मोठं दुखणं म्हटलं की गाडी कोल्हापूरकडं वळते. माणूस तिथं चार दिवस झुंजतो आणि जातो. मरणाचा दाखला तिथला, माती इथली. इकडच्या दप्तरात तो 'जखमी' म्हणूनच राहतो. पुढं कुणी सांगायला जात नाही, कारण दिवस घातल्यावर पुन्हा ठाण्याची पायरी कोण चढणार? राज्याची सीमा ओलांडली की आमचा माणूस इकडं मेलाच नाही असं व्हायचं. यात कुणा एकाचा दोष नव्हता. आम्ही सगळे मिळूनच चुकत होतो.

आक्कांनी गावाचा मोठा नकाशा काढून आणला, शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर पसरला आणि घरोघर सांगावा धाडला. हॉल भरला. आक्कांनी पिशवीतून लाल टिकल्यांचं पाकीट काढलं, बाजारात मिळतं तसलंच. म्हणाल्या, "ज्याचं माणूस या रस्त्यावर पडून परत आलं न्हाय, त्यानं ते जिथं पडलं तिथं एक टिकली लावायची. नाव सांगायचं, बस."

कुणी उठेना. मग पारूबाई उठल्या. वखारीत कामाला जाणाऱ्या. त्यांचे यजमान सायकलवरून उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडताना गेले होते. टेबलापाशी येऊन त्या थबकल्या. हळूच म्हणाल्या, "मी टिकलीला हात लावू का, आक्का? मला चालतंय का?"

कोल्हापूर असो, बेळगाव असो, नवरा गेलेल्या बाईनं टिकलीपासून लांब राहायचं हे आमच्याकडं अजून सुटलेलं नाही. हॉलमधल्या बायकांनी माना खाली घातल्या. आक्कांचा एरवीचा मोठा आवाज त्या दिवशी अगदी लहान झाला. "पारूबाई, माणूस तुमचं गेलंय. तुम्ही न्हाय लावायची तर कुणी लावायची?" त्यांनी पाकिटातली टिकली सोडवून पारूबाईंच्या बोटावर ठेवली. पारूबाईंनी ती नकाशावरच्या तोंडाजवळ लावली, दाबून धरली आणि नवऱ्याचं नाव घेतलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण मास्तरानं रडायचं नसतं असं मला तेव्हा वाटत होतं. त्यानंतर रांग लागली.

आक्का एवढ्यावर थांबल्या नाहीत. एकेका टिकलीसाठी त्यांनी कोल्हापूरच्या खेपा घातल्या, दवाखान्यातून कागद मिळवले, ते घरच्यांच्या सह्यांनिशी इकडच्या ठाण्यात लावून घेतले. कानडीत अर्ज, मराठीत समजूत, हिंदीत दटावणी. मी कधी बरोबर जायचो, कधी दमून घरी बसायचो. त्या बसत नसत. मग तो नकाशा घेऊन आम्ही पुन्हा ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, "मॅडम, या टिकल्या आहेत." आक्का म्हणाल्या, "व्हय. आणि प्रत्येकीखाली दाखला हाय. आता तुम्ही एक करा. आमच्या गावाला या, एका म्हाताऱ्या माणसाला धरून रस्ता ओलांडा, मग जे म्हणाल ते मान्य."

साहेब आले, हे त्यांचं मोठेपण. म्हातारं माणूस म्हणून आक्कांनी माझ्या आईला पुढं केलं. आईचे गुडघे गेलेले, हातात काठी. साहेबांचा हात धरून ती निघाली आणि निम्म्यात, तोंडात, दमून थांबली. दोन्ही अंगानं गाड्या सुसाट. साहेबांनी आईला घट्ट धरलं. आई त्यांना म्हणाली, "भिऊ नगा लेकरा, मी हाय." हा किस्सा साहेब स्वतःच पुढं सगळ्यांना सांगायचे.

तोंड बंद झालं नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना रस्ता उंच करून त्यावर पांढरे पट्टे आले, अलीकडे गाडीला हादरा देणाऱ्या पट्ट्या आल्या, आणि मध्ये थांबायला ऐसपैस ओटा झाला. त्याची रुंदी ठरवताना आक्कांनी आईला काठीसकट आणि एका बाईला डोक्यावरच्या पाटीसकट शेजारी शेजारी उभं केलं होतं. आई त्याला 'विमलचा कट्टा' म्हणायची आणि बऱ्याचदा काम नसतानाही तिथं जाऊन उभी राहायची. आईच्या शेवटच्या आजारपणात आक्का बेळगावहून कुंदा घेऊन यायच्या, तिला चमच्यानं भरवायच्या आणि "कट्ट्यावर कोण कोण भेटलं?" असं विचारायच्या. आई पडल्या पडल्या खोटी खोटी नावं सांगायची. मी मुलगा असून मला हे सुचलं नव्हतं.

नुसता रस्ता सुधारून भागत नाही हेही आक्कांनीच दाखवलं. आमच्या गावचे दत्तूअण्णा बस चालवतात. आक्कांनी त्यांना बाजाराच्या मोकळ्या मैदानात रिकामी बस घेऊन यायला लावलं. पोरांना आणि रिक्षावाल्यांना सांगितलं, ब्रेक मारल्यावर बस कुठं थांबेल तिथं चुन्यानं खूण करा. सगळ्यांच्या खुणा ओलांडून बस पुढं गेली. मग जमीन ओली करून पुन्हा ब्रेक मारला, तर बस दत्तूअण्णांच्या स्वतःच्या खुणेच्याही कितीतरी पुढं! खाली उतरून ते डोक्याला हात लावून म्हणाले, "आयला, मी एवढी वर्षं चालवतोय, मलाबी अंदाज न्हवता." तेव्हापासून ते आमच्या तोंडाशी आधीच गाडी हळू करतात आणि न करणाऱ्यांना डेपोत शिव्या देतात. माझा फळा मी त्याच आठवड्यात पुसला होता.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मध्यंतरी रस्त्यावर नवीन डांबर पडलं आणि एका सकाळी शाळेत येतो तर उंच पट्टा गायब, सगळा रस्ता गुळगुळीत. गाड्या पूर्वीसारख्या सुसाट. आक्कांचं डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. कळवावं की नको करत फोन केला. पहिल्या बसनं आल्या, काळा चष्मा लावून. मला वाटलं, आता रास्ता रोको. "छे," म्हणाल्या, "रस्ता अडवणं गुन्हा हाय. ओलांडणं गुन्हा न्हाय." आणि ओलांडायला लागल्या. या अंगानं त्या अंगाला, त्या अंगानं या अंगाला. पारूबाई मागं, वखारीतल्या बायका मागं, मी मागं. गाड्या थांबल्या. पोलीस आले, आम्ही फक्त चालत होतो, ते तरी काय करणार? दत्तूअण्णांची बस आली तर ते खिडकीतून ओरडले, "ओलांडा निवांत, आज गाडी लेट!"

दुपारी ठेकेदाराचा तरुण इंजिनिअर धावत आला आणि आक्कांना बघून जागीच थिजला. त्यांचाच विद्यार्थी! तो वाकला तशा आक्का म्हणाल्या, "पाया नंतर पड. आधी टेप काढ आणि माप घे." उंच पट्टा पुन्हा होईपर्यंत आक्का रोज येत होत्या. डॉक्टरांनी ऊन नको म्हटलं होतं. ते त्यांनी आम्हाला काम झाल्यावर सांगितलं.

हल्ली आक्का बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या रस्त्यामागं लागल्या आहेत. तिथल्या म्हाताऱ्यांचे हात धरून कोण कोण साहेब चालतायत देव जाणे. आक्कांना भरपूर आयुष्य मिळो, डोळे आणि गुडघे शेवटपर्यंत साथ देवोत, कॅनव्हासचे बूट झिजत राहोत आणि आवाज असाच गल्लीच्या टोकापर्यंत जावो, ही आमच्या साऱ्या गावाची मनापासूनची इच्छा आहे.

आणि आक्का, एक मागणं. आमच्या गावाच्या नकाशासाठी आणलेलं टिकल्यांचं पाकीट अजून तुमच्या पिशवीत आहे, मी पाहिलंय. पट्टा झाल्यापासून त्यातली एकही टिकली आम्हाला लावावी लागलेली नाही. पारूबाईंची नात आता आठवीत, माझ्या वर्गात आहे. रोज त्याच तोंडातून चालत येते, पळत नाही. यंदा गॅदरिंगला ती नाचणार आहे. ते पाकीट तिला द्या. त्यातली पहिली टिकली आजीच्या कपाळाला लावायची असं तिनं ठरवलंय. पारूबाई नको नको म्हणणार. त्यांची समजूत काढायला तुम्ही आलं पाहिजे.