सुटलेलं अंग

ती दोन वर्षं माझं अंग नुसतं सुटत होतं. मी रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. नवरा बोटीवर, त्यामुळे घरी सासूबाई आणि मी. दिवसभर कानाला हेडफोन लावून मुंबईचे ट्रंककॉल जोडायचे आणि घरी येताना चढावावर मध्येच थांबून कुणाच्या तरी दगडी कुंपणाच्या गडग्याला टेकायचं. चिरा उन्हाने तापलेला असला तरी बरं वाटायचं. मला सारखी थंडी वाजायची.

रात्रीचा भात सोडला, मग सकाळची पेजही सोडली. तरी ब्लाउज दंडात काचायचेच. सासूबाई माझ्या ताटाकडे बघत म्हणायच्या, "खातेस तरी काय गो तू? मग हे येतं कुठून?" मला वाटायचं, टोमणा मारतायत. उत्तर द्यायचंही जिवावर यायचं.

एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये तपासणीचं शिबिर होतं, वजन वाढलेल्या मोठ्या माणसांसाठी. मला सुट्टीचं झोपून राहायचं होतं. सासूबाईंनी उठवलं आणि स्वतः सोबत आल्या.

काट्याजवळची नर्स प्रत्येकीचं वजन मोठ्याने सांगायची, कारण लिहून घेणारी बाई पार दुसऱ्या टोकाला बसली होती. माझा आकडा ऐकून मागच्या बायका बोलायच्या थांबल्या. लाजायचंसुद्धा त्राण माझ्यात नव्हतं. लघवीत साखर निघाली नाही, रक्तदाबही बरा होता. शेवटी डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "जेवण कमी करा. रोज चाला."

मी "हो" म्हणून उठले. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"डॉक्टर, ती जेवतच नाही हो. मी रोज ताट बघत्ये तिचं. भरदुपारी स्वेटर घालते. केसांचे पुंजके निघतात फणीत. बोलता बोलता डोळे मिटतात तिचे. हे खाण्याचं नव्हे. पुन्हा बघा."

मी खाली बसले आणि मला रडू आलं. इतके दिवस हे सगळं कुणी बघत होतं, हेच मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी पेन ठेवलं, माझ्या गळ्याला हात लावून आवंढा गिळायला सांगितलं. रक्त मुंबईला पाठवावं लागलं. रिपोर्ट यायला बरेच दिवस गेले. थायरॉइड निघाला. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, तीही जन्मभर.

थंडी वाजायची थांबली, केस गळायचे कमी झाले. वजन मात्र थोडंच उतरलं. चढावावर अजूनही थांबावं लागायचं, पण पूर्वीइतका वेळ नाही.

पुढे नवरा सुट्टीवर आला. मला बघून म्हणाला, "जेवण कमी केलेलं दिसतंय." सगळं पहिल्यापासून सांगायचं माझ्या अगदी जिवावर आलं. मी आत जाऊन आडवी झाले. बाहेर सासूबाई त्याला एकेक समजावून सांगत होत्या. त्यांचा आवाज ऐकता ऐकता मला झोप लागली.