आजाऱ्याच्या भेटीची बिस्किटे

एरंडोलच्या तहसील कचेरीसमोर टेबल मांडून मी कित्येक वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण आठवीपर्यंतच झाले. तथापि माझ्या मसुद्यातील एखादा शब्द बदलण्याचे धाडस वकिलांनीही क्वचितच केले. कचेरीत चालणारा हा माझा शब्द गेल्या उन्हाळ्यात माझ्याच घरी चालला नाही, त्याची ही हकीकत आहे.

पत्नीला मधुमेह आहे. चपलेचा खिळा लागून तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. जळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, पंधरवड्यात साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. त्या दिवसापासून आमच्या घरात गोड काही शिजले नाही. चहा बिनसाखरेचा, आणि दोन्ही वेळा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी व मेथीची भाजी. आठवड्याने पुन्हा रक्त तपासले तर साखर होती त्याहून वर. तू चोरून खातेस, असे मी तिला दवाखान्याच्या पायरीवरच बोललो. तिने पदराने डोळे तेवढे पुसले. डॉक्टरांनी मात्र, ती जे जे खाते ते सर्व घेऊन या, असे सांगितले.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कोणी येत नाही. आणलेला पुडा पाहुण्यासमोरच फोडायचा आणि आजाऱ्याने त्यातले थोडे तरी खायचे, अशी रीत आहे. न खाल्ल्यास पाहुण्याचा हात नाकारल्यासारखे होते. मधुमेह म्हटल्यावर आप्तेष्टांनी विचारपूर्वकच वस्तू आणल्या होत्या: बिनसाखरेची बिस्किटे, ओट्सची बिस्किटे, बाटलीतला फळांचा रस. प्रत्येकावर हिरवे पान किंवा हृदयाचे चित्र आणि ‘मधुमेहींसाठी उपयुक्त’ अशी ठळक अक्षरे. छापील मजकुरावर माझा जन्मभराचा विश्वास. जो छापतो तो जबाबदारी घेतो, असे मी मानत आलो. म्हणून पाहुणे गेल्यावरही, हे औषधासारखेच आहे, चहाबरोबर घेत जा, असे मीच तिला बजावले होते.

ते सारे मी नेले, तेव्हा डॉक्टरांनी बिस्किटांचा पुडा उलटा केला आणि मागची बारीक अक्षरे वाचली.

“साखर घातलेली नाही, हे खरं आहे काका. पण पहिलंच नाव मैद्याचं आहे. पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. आणि या रसात वरून साखर घातली नाही एवढंच. फळाची आहेच की.”

उरला होता एक आठवडा. घरी येऊन मी सुवाच्य अक्षरांत विनंतीपत्र लिहिले आणि दाराला चिकटवले: रुग्णाच्या प्रकृतीस्तव कोणीही कोणताही खाद्यपदार्थ आणू नये, ही नम्र विनंती. शेजारच्या आबांनी ते वाचून विचारले, “पाहुण्यासले बी समन्स काढं का भाऊ?” गल्ली हसली. काही नातलग दारातूनच परत गेले, काहींनी फोनवरून टोमणे मारले. मी सर्व सोसले, कारण दोन दिवसांत साखर थोडी उतरली होती.

तिसऱ्या दिवशी साक्रीहून माझी थोरली बहीण आली. अक्काला वाचता येत नाही. दोन बस बदलून, उन्हातून, पिशवीत शक्तीच्या पावडरीचा डबा घेऊन ती सरळ घरात शिरली. मी थांबवू लागलो तोवर तिने स्वतःच्या हाताने दुधात पावडर कालवली आणि पेला पत्नीपुढे धरला.

“ले माय, पी. यामा साखर नही शे. दुकानवालाले तीन डाव इचारं मी.”

मी म्हणालो, अक्का, तिला देऊ नकोस, तिचा पाय जाईल. अक्काचा हात तसाच राहिला.

“मंग मी काय जहर लई वनू का?”

पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि पेला घेतला. तो ओठाला लागण्याआधी मी तिच्या हातातून ओढून घेतला आणि उभ्याउभ्या पिऊन टाकला. दुसरे काही सुचले नाही. अतिशय गोड लागले ते. अक्काने डबा पिशवीत घातला, डोक्यावर पदर घेतला आणि पाणीही न पिता स्टँडची वाट धरली. मी मागे गेलो. तिने वळून पाहिले नाही.

घरी आलो तेव्हा पत्नी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

“अंगठा गेला असता तर गेला असता,” ती म्हणाली. “अक्का आता या घरात येणार नाहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बदलताना अंगठ्याचा काळेपणा शेजारच्या बोटाकडे सरकलेला दिसला. डॉक्टरांनी फोनवर ऐकून लगेच निघायला सांगितले. रिक्षा दारात उभी राहिली तरी पत्नी उठेना. आधी अक्काला फोन लावा, म्हणाली. मी लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली, अक्काने उचलला नाही. वाटेतही लावत राहीन, असे मी कबूल केले तेव्हा पत्नी रिक्षात बसली. जळगाव येईपर्यंत मी पुन्हा पुन्हा लावत होतो, आणि ती तो पाय माझ्या मांडीवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती.